उंच माणसाचं पहिलं शिकारी धनुष्य: पाउंड कमी, इंच जास्त

अमेरिकेत उंच माणसाची फारशी अडचण होत नाही. पॅन्ट मिळते, चौदा नंबरचे बूट मिळतात, लांब पलंगही मिळतो. धनुष्याच्या दुकानात मात्र गाडी अडते. भिंतीवर ओळीने कंपाऊंड बो, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेली धनुष्यं, टांगलेले असतात, किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि आपल्या खिशाला परवडणारे बरेचसे बो नेमके आपल्या हाताच्या लांबीच्या अर्धा-एक इंच अलीकडे येऊन थांबतात. विक्रेता म्हणतो, ‘चालून जाईल.’ चालत नाही. का चालत नाही आणि मग काय घ्यायचं, तेच खाली लिहिलं आहे.

लिहिलं आहे ते अमेरिकेत राहणाऱ्या, साधारण सहा फुटांच्या वरच्या, पूर्वी कधी बाण न सोडलेल्या मराठी माणसासाठी. बाईंसाठीही, उंची असेल तर हिशोब तोच. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ऑफिसातला कोणीतरी हरणाच्या गोष्टी सांगायला लागतो, डब्यातून सुकवलेलं मांस देतो, ‘येतोस का?’ म्हणतो, आणि तिथून हे खूळ सुरू होतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, त्यामुळे घरी विचारायला कोणी नसतं. कंपाऊंड बो आपल्याकडे आहे, पण तो निशाण्याच्या खेळापुरता. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघं २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले ते कंपाऊंडवरच. त्यांच्या हातातला बो आणि झाडावर चढवायचा बो यांची जात एक असली तरी बांधणी वेगळी: खेळातला लांब आणि जड, शिकारीतला आखूड आणि हलका. उंच माणसाची सगळी गोची या आखूडपणातच आहे.

व्हिसाबद्दल एकदाच सांगून टाकतो, कारण प्रश्न येतोच. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत. त्याला अपवाद आहेत, पण कागदपत्रांची कटकट असते. धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत ‘फायरआर्म’ धरलं जात नाही. म्हणून आपले बरेच लोक शिकारीकडे वळले तर धनुष्यापासूनच सुरुवात करतात. राज्याचे आणि गावाचे नियम अर्थात वेगळे, ते पाहावे लागतातच.

आधी भिंत, मग दुकान

पहिलं काम फुकट आहे. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरा, तळवे समोर. ताणायचं नाही, खांदे उचलायचे नाहीत. घरातल्या कोणाला तरी एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचांत माप घ्यायला सांगा. आलेल्या आकड्याला २.५ ने भागा. ही तुमची अंदाजे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर धनुष्याला किती लांब जावं लागेल ते.

माप ७२ इंच आलं तर ड्रॉ २८.८. ७५ आलं तर बरोबर ३०. ७७ आलं तर ३०.८, आणि ७८ ला ३१.२. इथेच कळतं की सहा फूट तीन-चार इंचांच्या पुढे सरकलात की तुम्ही बाजाराच्या काठावर येता.

उंचीलाच २.५ ने भागून मोकळे होऊ नका. बहुतेकांची उंची आणि हातांचा पसारा जवळपास सारखा असतो, पण ‘जवळपास’मध्ये दोन-तीन इंच सहज लपतात. दोघं सहा फूट तीनचे, एकाचा पसारा ७४ आणि दुसऱ्याचा ७८ असला तर पहिल्याला भिंतीवरचं जवळपास काहीही चालेल आणि दुसऱ्याला शोधाशोध करावी लागेल.

हा आकडा म्हणजे सुरुवात, शेवट नाही. आर्चरीच्या चांगल्या दुकानात इंचांच्या खुणा केलेला लांब बाण आणि अगदी हलका बो असतो. तो ओढायला लावून मागून आणि बाजूने बघतात आणि अर्धा इंच इकडे-तिकडे करतात. यासाठी सहसा पैसे घेत नाहीत. पण मग वस्तू तिथूनच घ्यावी असं माझं मत आहे. दुकानदाराच्या अर्ध्या तासावर फुकट डल्ला मारून तीस डॉलर वाचवायला दुसरीकडून ऑर्डर करायची, आणि नंतर बिघडलं की त्याच्याच दारात जायचं, हे बरं दिसत नाही.

याच वेळी डोळाही तपासून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा, दोन्ही तळव्यांमध्ये एक लहानशी खिडकी करा आणि त्यातून दूरच्या दिव्याकडे बघा. आता आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा हुकमी डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्याचाही डोळा डावा निघू शकतो. तसा निघाला तर पहिल्याच धनुष्याला डाव्या हाताचा विचार करणं बरं, कारण अजून कोणतीच सवय लागलेली नसते.

पाटीवरचा एकच आकडा आधी वाचा

प्रत्येक बोच्या माहितीत वेग मोठ्या अक्षरात छापलेला असतो: ३२०, ३३०, ३४० फूट प्रतिसेकंद. तो सोडून द्या. तुमचा आकडा म्हणजे ड्रॉ लेंग्थची मर्यादा, आणि तीही वरची. खालची मर्यादा तुमच्या कामाची नाही.

नवशिक्यांसाठीचे स्वस्त बो बहुधा ‘वाढत्या वयाबरोबर वाढणारे’ या कल्पनेवर केलेले असतात. दहा वर्षांच्या मुलापासून मोठ्या माणसापर्यंत सगळ्यांना एकच. बेअरचा क्रूझर जी-टू १२ ते ३० इंच जातो. चांगला बो आहे, पण ३० ला संपतो. डायमंडचा इन्फिनिट एज प्रो १३ ते ३१ आणि एज ३२० हा १५ ते ३१ पर्यंत जातो. परवडणाऱ्या वर्गात एवढा एक इंच जास्त मिळणं ही उंच माणसासाठी मोठी गोष्ट आहे. मॉडेलं दर वर्षी बदलतात, जुनी बंद होतात. नावं पाठ करण्यापेक्षा ‘वरची मर्यादा ३१ किंवा अधिक’ ही एवढीच अट घेऊन दुकानात शिरा. त्यापुढे, ३२-३३ ची गरज असेल तर स्वस्त नव्या बोंचा नाद सोडावा लागतो. मॅथ्यूजने ॲटलस नावाचा बो खास लांब हातांच्या लोकांसाठी काढला होता, ३४ इंचांपर्यंत जाणारा. असे बो नवे घेतले तर पहिल्या धनुष्याच्या बजेटात बसत नाहीत. वापरलेले शोधायचे, त्याबद्दल पुढे.

३०.८ माप असलेल्याने ३० चा बो घेतला तर काय होतं? पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. बाण लागतात, माणूस खूश. पण कंपाऊंडला मागे एक भिंत असते. कॅम, म्हणजे टोकाचं चाक, पूर्ण फिरला की दोरी तिथे अडते आणि पुढे येत नाही. ती भिंत तुमच्या हाडांच्या आधी आली की ओढणारा हात जबड्यापर्यंत पोचत नाही, गालापुढे अधांतरी राहतो. कोपर बाणाच्या रेषेत जाण्याऐवजी बाहेर, कडेला लटकतं. मग भार पाठीवर न जाता दंडावर येतो, आणि दंड लवकर थकतो. डोकं आपोआप पुढे झुकतं, मान वाकते, पुढचं कोपर दुमडतं. उंच लोकांना अशी कुबड काढून उभं राहायची सवय असतेच, दारं-बिरं चुकवून. त्यामुळे त्यांना स्वतःला हे चुकतंय असं जाणवतही नाही. बाजूने मोबाइलवर फोटो काढून घ्या. बाण, मनगट आणि मागचं कोपर एका सरळ रेषेत दिसत नसेल आणि कोपर बाहेर पडलं असेल तर बो आखूड आहे.

उलटही होतं, आणि पुरुषांत जास्त होतं. ‘मी उंच आहे, ३२ च द्या.’ मग माणूस कमरेतून मागे कलतो, डोकं मागे फेकतो, पुढचा खांदा वर चढतो आणि सुटलेली दोरी पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला फटकारते. तो निळा वळ आठवडाभर राहतो. शंका असेल तेव्हा अर्धा इंच आखूड चालेल, अर्धा इंच लांब नको. पण अर्धाच. दोरीवरच्या डी-लूपची, म्हणजे दोरी ओढायला बांधलेल्या छोट्या फासाची, लांबी आणि दोरीचे पीळ कमी-जास्त करून दुकानदार थोडंफार जुळवून देऊ शकतो. एक पूर्ण इंच असा जुळत नाही.

दोन चाकांतलं अंतर

वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर हा दुसरा आकडा. दुकानात याला ‘एक्सल टू एक्सल’ म्हणतात. आजचे शिकारी बो २८ ते ३५ इंचांच्या दरम्यान असतात, आणि झाडीत वावरायला सोपे म्हणून आखूड बो जास्त विकले जातात.

ड्रॉ जितका लांब आणि बो जितका आखूड, तितका दोरीचा कोन मागे टोकदार होतो. एकदा ओढून बघितलं की हे लगेच कळतं. नीट बसलेल्या बोवर पूर्ण ओढल्यानंतर दोरी नाकाच्या शेंड्याला हलकी टेकते आणि ओठाच्या कोपऱ्याला स्पर्श करते. मान सरळ ठेवून, डोळा उघडला की दोरीतल्या पीपच्या भोकातून समोर दिसतं. २९ इंची बो ३१ इंच ओढला की हात जबड्याखाली बरोबर असतो, पण दोरी नाकापासून लांब वर-पुढे निघून जाते. मग नाक दोरीकडे न्यायचं म्हणून मान वाकवायची, आणि प्रत्येक वेळी वेगळी वाकवायची. बाण कधी वर, कधी खाली.

माझा कौल असा: ३० च्या वर ड्रॉ असेल तर ३२ च्या खाली बघू नये, आणि ३३-३४ मिळाला तर उत्तम. लांब बो हातात स्थिरही राहतो. तोटा एकच. जमिनीवरच्या तंबूसारख्या आडोशात, ज्याला इथे ब्लाइंड म्हणतात, उंच माणूस खुर्चीवर बसला की वरचं चाक छताला आणि खालचं मांडीला लागतं. तुमचा मित्र तुम्हाला झाडावर बसवणार आहे की ब्लाइंडमध्ये, हे आधी विचारून घ्या.

पाउंडेजचा मोह

दुकानात शिरल्या शिरल्या कोणीतरी तुमच्याकडे खालून वर बघून म्हणेल, ‘एवढा धिप्पाड गडी, सत्तर पाउंड सहज ओढशील.’ पाउंडेज म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. सत्तर ओढालही, दोन-तीनदा. पण उंच माणसाला सत्तरची गरजच नाही, आणि स्वस्तात निभावून नेण्याची किल्ली इथेच आहे.

दोरी बाणाला जितकं अंतर ढकलते त्यावर बाणाला मिळणारी ऊर्जा ठरते. ते अंतर काढायचं तर ड्रॉ लेंग्थमधून १.७५ इंच आणि ब्रेस हाइट वजा करायची. ब्रेस हाइट म्हणजे न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर. ती ७ इंच धरू. २७ इंच ड्रॉच्या माणसाची दोरी १८.२५ इंच ढकलते, ३१ इंचवाल्याची २२.२५ इंच. त्याच जातीच्या बोवर, ढोबळ हिशोबाने, बुटक्या माणसाला ७० पाउंड ओढून जे मिळतं ते तुम्हाला ५७-५८ पाउंडांत मिळतं. हे बारा पाउंड तुम्हाला आई-वडिलांकडून आले आहेत, दुकानात त्याचे पैसे भरायचे नाहीत.

कायद्यापुरतं बघायचं तर आकडे याहून कितीतरी खाली आहेत. हरणासाठी विस्कॉन्सिनमध्ये किमान ३० पाउंड लागतात, पेनसिल्वेनिया आणि कोलोरॅडोत ३५, ओहायोत ४०. ३१ इंच ड्रॉ आणि ५० पाउंड असेल, बाण बरा आणि पातं धारदार असेल, तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ते पुरून उरतं. एल्क, म्हणजे त्याहून कितीतरी मोठं हरीण, मारायचं स्वप्न असेल तर वेगळं, पण पहिल्या वर्षी ते स्वप्न घरीच ठेवा.

किती पाउंड घ्यायचे हे ठरवायची परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला, बो निशाण्याकडे रोखा आणि तो आकाशाकडे न नेता सरळ मागे ओढा. वर नेऊन झटका द्यावा लागला तर वजन जास्त आहे. दुकानात गरम खोलीत जमणारी गोष्ट नोव्हेंबरच्या पहाटे, तीन थर कपडे घालून, तीन तास न हलता बसल्यावर जमायची आहे, हे लक्षात ठेवा. कंपाऊंडमध्ये पूर्ण ओढल्यावर भार उतरतो, ८० टक्के उतरला तर ५० पाउंडांच्या बोवर हातात दहाच पाउंड राहतात. पण त्या भिंतीपर्यंत पोचायला मधे एकदा पूर्ण ५० ओलांडावे लागतातच.

म्हणून ४० ते ५० च्या दरम्यान सुरू करा आणि नंतर बोल्ट फिरवून वाढवा. रुंद पल्ल्याचा बो घेण्याचा फायदा हाच. उंच माणूस अशा बोच्या ड्रॉच्या वरच्या टोकाला असतो, आणि बरेच बो तिथेच सर्वांत चांगले चालतात.

रिकर्व्ह घ्यावा का?

साधा, चाकं नसलेला, तीन तुकड्यांत सुटणारा रिकर्व्ह दीड-दोनशे डॉलरला मिळतो आणि दिसतो फार सुंदर. शिकार मात्र कठीण होते. मारा पंधरा-वीस यार्डांच्या आत, सराव रोजचा. तरी घ्यायचा असेल तर दोन गोष्टी. एक, लोकप्रिय स्वस्त रिकर्व्ह ६२ इंची असतात. ते ३० च्या पुढे ओढले की शेवटच्या इंचांत भार अचानक चढतो आणि बोटं दोरीत चिमटतात. तुम्हाला ६४ चा, शक्यतो ६६ चा हवा. आयएलएफ या, भाग अदलाबदल करता येणाऱ्या, पद्धतीत २१ इंची रायझरला (मधल्या मुठीच्या भागाला) लांब लिम्ब (वरचे-खालचे लवणारे हात) लावले की ६६ होतात. दुसरं, त्यावर छापलेलं वजन २८ इंच ड्रॉचं असतं. त्यापुढे प्रत्येक इंचाला साधारण दोन ते तीन पाउंड वाढतात. ४० छापलेला बो तुमच्या हातात ४७-४८ होतो. उंच नवशिक्याने छापील ३५ चा घेतला तरी पुरतो.

पैसे कुठे घालायचे

शिकारीला तयार असं पॅकेज, म्हणजे बो, नेम धरायची साइट, बाण टेकायचा रेस्ट, बाणांचा भाता, सगळं बसवून, साधारण ४०० ते ६०० डॉलरला येतं. नामांकित कंपन्यांचा सर्वांत वरचा बो नुसताच, काही न बसवता, हजार-बाराशेच्या पुढे सुरू होतो. पहिल्या धनुष्याला त्याची गरज नाही. पॅकेजमधल्या वस्तू सुमार असतात हे खरं, पण चालतात. पुढे एकेक बदलता येतात.

दुसरा मार्ग वापरलेल्या बोचा. ज्यांना ३२ च्या आसपास ड्रॉ हवा त्यांना परवडणारा मार्ग बहुधा हाच आहे. लांब ड्रॉच्या बोला गिऱ्हाइकं कमी, त्यामुळे चार-पाच वर्षं जुना उत्तम बो नव्या पॅकेजच्या किमतीत पदरात पडू शकतो. घासाघीस करायलाही जागा असते. आपले लोक तिथे मागे पडतील असं वाटत नाही.

बघायला जाताना खिशात कापसाचा बोळा ठेवा. दोन्ही लिम्बवरून, कडांवरून तो सावकाश फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकून मागे राहतात तिथे चीर आहे किंवा फायबर उखडलं आहे. असा बो कितीही स्वस्त असला तरी हात जोडून परत यायचं. मग दोरी आणि केबल: केसाळ झाल्या असतील, वर गुंडाळलेला धागा सरकून फट पडली असेल तर त्या बदलायच्या आल्या, बसवून १०० ते १५० डॉलर. ते किमतीतून आधीच वजा करा. चाकांच्या कडांना खाचे आहेत का, मागून पाहिलं तर चाक एका बाजूला कललंय का, हेही बघा. आणि शेवटी हे विचारा: याचा ड्रॉ बदलता येतो का, की त्यासाठी वेगळं मॉड्यूल किंवा वेगळा कॅम लागतो? काही बोंना प्रत्येक मापाचा वेगळा भाग लागतो आणि जुन्या मॉडेलचा तो मिळेनासा होतो. ‘तीस इंचांवर आहे, पण वाढतो बहुतेक’ या उत्तरावर पैसे देऊ नयेत.

बघताना कोणाचाही बो बाण न लावता ओढून सोडून देऊ नका. बाणात जायची सगळी ऊर्जा लिम्बमध्ये परत शिरते. लिम्ब फुटतात, दोरी तुटते, तोंडावर येते. दुकानात ही एक गोष्ट केलीत तर बो विकत घ्यावा लागेल, तोही मोडका.

बाण: इथे काटकसर नको

उंच माणसाला सर्वांत मोठा धोका बोमध्ये नाही, बाणात आहे. मोठ्या स्टोअरमध्ये कापून, टोक बसवून तयार बाण मिळतात, सहा-सहाच्या गठ्ठ्यात, बऱ्याचदा ३० इंच किंवा त्याहून आखूड. २८ च्या ड्रॉला ते ठीक. तुमच्या ३१ च्या ड्रॉला तो बाण ओढता ओढता रेस्टवरून मागे पडू शकतो, आणि तशात दोरी सुटली तर बाण पुढे जाण्याऐवजी धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. कार्बनचा बाण फुटला की त्याची कुसळं होतात. त्यामुळे पॅकेजबरोबर ‘तीन बाण फुकट’ मिळाले तर आधी त्यांची लांबी मोजा. आखूड असतील तर घरातल्या कोणा बुटक्याला द्या.

न कापलेल्या कार्बन शाफ्टची, म्हणजे बाणाच्या नुसत्या दांड्याची, लांबी ३२-३३ इंचांच्या आसपास असते. दुकानदाराला पूर्ण ड्रॉवर उभे राहून दाखवा आणि रेस्टच्या पुढे निदान एक इंच राहील असा बाण कापून घ्या. नवशिक्याला थोडा जास्त ठेवला तरी बिघडत नाही, पुढे ड्रॉ अर्धा इंच वाढला तर बाण वाया जात नाहीत.

मग ताठपणा, म्हणजे स्पाइन. बाणावर ५००, ४००, ३४०, ३०० असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. २८ इंच अंतरावर दोन टेकू देऊन मधे १.९४ पाउंड वजन टांगलं की शाफ्ट किती वाकतो, त्याचा हा आकडा इंचाच्या हजाराव्या भागात. लांब बाण जास्त लवचिक वागतो, त्यामुळे तुमच्याइतक्याच पाउंडेजच्या मित्राला चालणारा ४०० तुम्हाला चालेलच असं नाही. ३१ इंच ड्रॉ आणि ५०-६० पाउंड असेल तर बहुतेक तक्ते तुम्हाला ३४० किंवा ३०० कडे नेतात. प्रत्येक बाण कंपनीचा तक्ता असतो. त्यात पाउंडेज, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन घालून बघा, टोक बहुधा १०० ग्रेनचं असतं (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक). फार हलका बाण घेऊ नका. बोच्या दर पाउंडाला ५ ग्रेनच्या खाली गेलात तर बोची वॉरंटी जाते आणि कधी बोही. ५० पाउंडांच्या बोला ४०० ते ४५० ग्रेनचा बाण छान बसतो, आवाजही कमी करतो.

सहा चांगले बाण साधारण ५० ते ८० डॉलरला पडतात. प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलका वाकवा आणि फिरवा. करकर आवाज आला तर बाण मोडून कचऱ्यात टाका.

बाकीचं झटपट. मनगटाला बांधायचा रिलीज, म्हणजे दोरी ओढून सोडायचा खटका, घ्या, पट्ट्याची लांबी कमी-जास्त होणारा. लांब बोटांच्या माणसाला ट्रिगर फार मागे आला तर टोचतो. साइटला तीन पिना पुरतात. पीप बसवताना डोळे मिटून ओढा, स्थिर व्हा, मग डोळा उघडा. भोक समोर नसेल तर पीप हलवायचा, मान नव्हे. निशाण्यासाठी फोमचा जाड ठोकळा ७०-८० डॉलरपासून मिळतो. ब्रॉडहेडसाठी, म्हणजे शिकारीच्या धारदार पात्यांच्या टोकासाठी, वेगळा बघा, पाती साध्या फोमचा चुरा करतात.

कधी घ्यायचं आणि मग काय

फेब्रुवारी ते एप्रिल. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्यात. ऑगस्टमध्ये दुकानं माणसांनी भरलेली असतात आणि तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. वसंतात घेतलात तर मोजमाप निवांत होतं, गेल्या वर्षीचा माल उतरत्या भावात मिळतो, आणि हात तयार व्हायला पाच-सहा महिने मिळतात.

हंटर एज्युकेशनचा कोर्स याच काळात उरकून घ्या. त्याशिवाय बहुतेक राज्यांत नवख्याला परवाना मिळत नाही, आणि न्यू जर्सीसारख्या ठिकाणी धनुष्याचा कोर्स वेगळा करावा लागतो. परसात सराव करायच्या आधी गावाचा नियम वाचा. काही गावांत बाण सोडायलाही बंदी असते, आणि अपार्टमेंटच्या मागच्या हिरवळीवर तर प्रयत्नही करू नका, शेजारी पोलिसांना बोलावतील. क्लबची वार्षिक वर्गणी भरली की हा प्रश्न मिटतो, वर दोन म्हातारे फुकट शिकवतात.

सुरुवात दहा यार्डांवरून. एका दिवसात शंभर बाण मारून खांदा धरून बसण्यापेक्षा रोज वीस बाण बरे. हरणाचं काळीज-फुप्फुस म्हणजे साधारण आठ इंचांची थाळी धरतात. ज्या अंतरावरून थंड हाताने, पहिलाच बाण, जवळपास प्रत्येक वेळी त्या थाळीत पडतो ते तुमचं शिकारीचं अंतर. पहिल्या हंगामात ते वीस यार्ड असलं तरी काही बिघडत नाही, झाडावरून होणारे बरेचसे मारे त्याच्या आसपासच असतात.

सप्टेंबर लागला की ब्रॉडहेड लावून पुन्हा तपासा. साध्या टोकाचा बाण जिथे लागतो तिथे ब्रॉडहेडचा लागेलच असं नाही, विशेषतः लांब बाणाचा स्पाइन थोडा कमी पडत असेल तर. फरक पडला तर दुकानात जाऊन रेस्ट बारीक सरकवून घ्या. पेनसिल्वेनियासह अनेक राज्यांत पात्याची रुंदी किमान पाऊण इंचाच्या वर, ७/८ इंच लागते, तेही बघून घ्या. जाड जॅकेट घालून, झाडावर बसायचा पट्टा अंगावर बांधून, खुर्चीवर बसून काही बाण मारा. उंच माणसाची पुढची बाही दोरीत अडकते ती इथेच कळते. बाहीवर रबरी पट्टा किंवा आर्मगार्ड बांधा. पट्टा विकत घेताना शरीराच्या वजनाबरोबर धडाची लांबीही सांगा. लांब धडाला मध्यम मापाचा पट्टा काखेत काचतो, आणि काचतो म्हणून माणूस तो सैल करतो.